कोलाडची गंमत

— अहो नाय, तो स्क्रू तोंडात नका धरू साहेब. गिळलात तर कुठं जाऊन बसला ते बघायला यंत्र लागेल, आणि यंत्र तर तुम्हीच उघडून ठेवलंय. हसा की. मुंबईत हसायला मनाई हाय काय? बरं, नका हसू. तुम्ही तुमचं काम करा, मी माझं करतो. माझं काम म्हंजे बडबड. ती बघा, काउंटरवर शांती सिस्टर, कपाळाला आठ्या घालून बसलीय — तिला मी गेल्या महिन्यात म्हटलं, सिस्टर, तुमच्या आठ्या रोज आठ असतात, आज सातच भरल्या, एक घरी विसरलात काय? तर सुई घेऊन माझ्या मागं धावली. अख्ख्या पेणात मला घाबरत नाय अशी ती एकटीच. बाकीचे घाबरतात. म्हंजे मी मारत नाय कुणाला, पण कधी कुणाची टोपी उडवीन याचा भरवसा नाय. काळुराम म्हणतात मला. बाहेर निळा टेम्पो उभा हाय ना, तो माझा. आणि हे जे तुमच्यासमोर पोट फाडून पडलंय ते यंत्र — मालक यज्ञेश डॉक्टर, पण फिरवणारा मी. सोमवार ते बुधवार पेणचा हा दवाखाना, गुरुवार ते शनिवार रोह्याचा. दोन दवाखाने आणि यंत्र एक. दोन गावांत एकच नवरदेव, असं म्हणतो मी. आणि मी त्याचा घोडा.

तुम्ही विचाराल, असलं नाजूक यंत्र टेम्पोवाल्याच्या हातात दिलंच कसं? विचारत नाय तुम्ही, पण मनात आलंच असेल. तर ऐका. मी बावीस वर्षं गणपती वाहिले, साहेब. पेणचे गणपती. पेणवरून पार कुठं कुठं — खाली पेंढा, बाजूला पेंढा, दोन मूर्तींच्या मधी पेंढा, आणि तोंडावर फडकं. बावीस वर्षांत एक सोंड मोडली नाय, एक बोट तुटलं नाय. हे डॉक्टरांच्या कानावर गेलं. त्यांनी बोलावून विचारलं, काळुराम, हे यंत्र नेशील? मी यंत्राला एक फेरी मारली, वरची ती कमान बघितली — डॉक्टर सी-आर्म म्हणतात, आम्ही कमानच म्हणतो — खालची चाकं बघितली, तो टीव्ही बघितला, आणि म्हटलं, डॉक्टर, सोंड एकच दिसते, नेईन की. तेव्हापासून तीन वर्षं झाली. पेंढ्यावर बसवतो, दोरीनं चारी बाजूंनी आवळतो आणि वरून गोधडी. ही काय, खाली पडलीय ती. हौसानं शिवलेली हाय — माझी बायको. तिच्या दोन जुन्या लुगड्यांची आणि माझ्या एका धोतराची. तेव्हा ती म्हणाली होती, माझ्या अंगावर घालायला गोधडी नाय आणि तुमच्या नवरदेवाला पयली. मी म्हटलं, गो, तो परका, पाहुणा, त्याला थंडी वाजेल.

आणि गंमत बघा ना साहेब, गोधडीत गुंडाळल्यावर ते बसल्या माणसासारखं दिसतं. डोकं, खांदा, सगळं. निडीच्या रेल्वे फाटकावर गेटमनला मी पहिल्या खेपेलाच सांगितलं, आत आजारी म्हातारी हाय, बसूनच श्वास घेते, आडवी केली की जाईल. त्यानं गाडी यायला पाच मिनटं असताना फाटक उघडलं, आणि वर हात जोडले म्हातारीला. वर्षभर हात जोडत होता. वर्षानं विचारतो, काळुराम, ही म्हातारी मरत कशी नाय? मी म्हटलं, मरेल कशी, दर आठवड्याला एक्सरे काढते. — हां, आता हसलात. थोडंसं हसलात, मी बघितलं. ओठाची एक बाजू हलली.

यंत्र काय करतं ते तुम्हाला मी सांगायची गरज नाय, तुम्ही त्याचे वैद्य. पण मला सांगू द्या, कारण मी बघितलंय. मी चौथीत दोनदा बसलो आणि तिसऱ्यांदा बसलोच नाय, एवढं माझं शिक्षण. पण रोह्याला एकदा डॉक्टरांनी मला शिशाचा झगा घालून आत उभं केलं — मिठाची भरली गोणी पाठीवर घेतल्यासारखा जड — आणि म्हणाले, काळुराम, तू वाहतोस ते काय करतं ते एकदा बघ. कंपनीतला एक माणूस होता, शिफ्टवरून येताना सायकलवरून पडलेला, खुब्याचं हाड मोडलेलं. मला वाटलं होतं फोटो निघेल. फोटो नाय हो. चालतं होतं ते. डॉक्टर बाहेरून सळई आत घालत होते आणि पडद्यावर ती सळई तशीच, त्याच वेळी, हाडात शिरताना दिसत होती. डॉक्टरांचा हात तसूभर हलला की पडद्यावरची सळई तसूभर हलायची. केसाएवढी भेग दिसत होती, साहेब, मला, या मोतीबिंदूवाल्या डोळ्यांना. आणि माणसाच्या अंगावर काय? तीन भोकं. आपल्या या बोटाच्या नखाएवढी. चौथ्या दिवशी तो काठीवर उभा राहिला. मी त्याला म्हटलं, आता रोह्याच्या नाक्यावर पुन्हा सायकल चालवलीस तर तुझ्या बायकोला सांगीन आतून तू कसा दिसतोस ते.

काय? बॅटरी धरू? धरतो की. असा?

झालं काय म्हणता? सांगितलं ना डॉक्टरांनी तुम्हाला फोनवर. खड्डे. वाकण ते पेण रस्ता बघितलात काय तुम्ही? रस्त्यात खड्डा नाय, खड्ड्यात रस्ता हाय कुठंकुठं. कितीही पेंढा घाला, कितीही हळू जा — एखादी वायर सुटली असेल. तुम्ही पिशवीत वायरी घेऊन आलात ना? मग झालं. जोडा आणि लावा बटन. डॉक्टर मघाशी बोलले तुमच्याशी? आतल्या बाईचं सांगितलं? नाय सांगितलं? — आत बाई हाय एक. म्हातारी. सोमवारी सकाळी रामवाडीच्या नळावर घसरली. हंडा वाचवला, खुबा मोडला. हंड्याला पोचा नाय हो पडला. आमच्या बायकांचं असंच असतं. पायाला दोन विटा टांगून पडलीय परवापासून. डॉक्टर म्हणाले, यंत्र असलं तर तीन भोकं, पाऊण तास. यंत्र नसलं तर मांडी वीतभर उघडायची, रक्त जायचं, दोन-अडीच तास भूल. आणि तिला साखर हाय. झोपून झोपून छातीत कफ भरलाय, काल रात्रीपासून खोकते तर विटा हलतात आणि विटा हलल्या की ती ओरडते. एवढी भूल तिला झेपेल काय, असं मी विचारलं, तर डॉक्टर चष्मा पुसायला लागले. डॉक्टर चष्मा पुसायला लागले की समजायचं. आणि थांबूनही चालत नाय, कफ वाढतो. भूल देणारे डॉक्टर पनवेलवरून आलेत, ते चारपर्यंतच. आता किती वाजले? दोन वाजून वीस. म्हंजे तुम्ही चहा नाय घेतलात ते बरंच झालं.

हौसा. हां. तीच. गोधडीवाली.

नाय नाय, तुम्ही थांबू नका, हात चालवा. मी म्हटलं ना, मी बडबडतो म्हणून, त्यात काय. तुम्ही असं माझ्याकडं बघितलंत तर काम कोण करणार? — हे काय, नाकाशी का नेताय ते यंत्रातलं कार्ड? वास? कसला वास? मला तर काय येत नाय, तपकिरीनं माझं नाक कवाच गेलं. काळं पडलंय? उंदीर असेल. रोह्याच्या दवाखान्यात मोठे उंदीर हायत, मांजराच्या अंगावर जातात. उंदरानं वायर खाल्ली असेल आणि मग लाइट आली असेल आणि — उंदीर कुठं हाय म्हणता? तो पळाला असेल ना. जळला असता तर सापडला असता, हे बरोबर हाय तुमचं. शिकलेला माणूस.

वीज पडली म्हणून सांगणार होतो. पण आकाशात ढग नाय आठ दिवस.

साहेब, जरा दार लोटा ते. सिस्टरला ऐकू जातं.

शनिवारी दुपारची गोष्ट. रोह्यावरून यंत्र घेऊन निघालो. मधी कोलाडला कमळाकरच्या हॉटेलात चहाला थांबतो मी, तीन वर्षं थांबतो. सगळ्यांना ठाऊक, काळुरामच्या गोधडीत काहीतरी हाय. रेल्वेच्या कामावरची माणसं असतात तिथं, गावातले असतात, ड्रायव्हर असतात. दर वेळी विचारतात, दाखव की. मी दर वेळी नवं सांगतो — एकदा म्हातारी, एकदा नवरी, एकदा सांगितलं आतमध्ये एक सरकारी साहेब हाय, बदली होऊन चाललाय, तोंड दाखवायची लाज वाटते. हसून हसून कपबशा फोडतात. पण शनिवारी कमळाकर म्हणाला, तुझ्याकडं काय नाय रे, नुसता पेंढा हाय, तीन वर्षं गोधडी दाखवून चहा पितोस. सगळे हसले. माझ्यावर हसले, साहेब. मी दुसऱ्यावर हसवतो, माझ्यावर कुणी हसलं नव्हतं. बावीस वर्षांत लोकांनी हातपाय जोडले, काळुराम, गणपतीचं तोंड बघू दे, नुसतं कोपरा उचल — नाय उचलला. घरी जाऊन पाटावर बसेपर्यंत तोंड उघडायचं नाय, ही आपली रीत. देवाचं नाय उघडलं. आणि याचं उघडलं.

चावी माझ्याच जुडग्यात असते. बटनं कुठली ते बघून ठाऊक. लाइट गेलेली होती, तर कमळाकर म्हणाला, जनरेटर हाय की. त्याचा तो जनरेटर — त्यावर बल्ब लावला तरी बल्ब दमेकऱ्यासारखा वरखाली होतो. मला दिसत होतं ते. टेम्पोतल्या टेम्पोत वायर घेतली, खोचली, टीव्ही लागला. मी म्हटलं, कमळाकर, घाल हात. त्यानं घातला. पायानं ते खालचं बटन दाबलं मी — आणि आला, साहेब. हात आला. चार बोटं, अंगठा, नुसती हाडं, आणि तो बोटं हलवतो तर हाडं हलतात. आणि बोटातली अंगठी, काळी कुळकुळीत, हाडाभोवती लोंबकळत. मी म्हटलं, बघा रे, कमळाकर गेला, अंगठी राहिली. अहो, काय हसले. एक ड्रायव्हर तर खाली बसला पोट धरून. तसा हशा मला आयुष्यात मिळाला नव्हता. आणि मग सगळ्यांनाच हात घालायचे. रांग लागली, दर्शनाला लागते तशी. पाचवा का सहावा हात असेल — जनरेटर एकदम खाली बसला आणि मग एकदम असा वर उठला, हंबरला, आणि यंत्रात कुठंतरी टप् झालं. एवढंच. टप्. चिंचोका चुलीत फुटतो तेवढा आवाज. टीव्ही पांढरा झाला आणि मग गेला. आणि वास आला. हाच. मी मघाशी खोटं बोललो, मला येतोय.

मी पुन्हा दोरी आवळली, गोधडी घातली. कुणाला कळलं पण नाय तिथं, त्यांना वाटलं खेळ संपला. टाळ्या वाजवल्या त्यांनी.

रविवारी इथं आणून ठेवलं, चावी खुंटीला लावली. डॉक्टर म्हणाले, काय काळुराम, नवरदेव बरा हाय ना? मी म्हटलं, झोपलाय. ते हसले. तेव्हा सांगायचं होतं. रविवारी सांगितलं असतं तर तुम्ही सोमवारी आला असता. मंगळवारी डॉक्टरांनी बटन दाबलं, काय नाय. माझ्यासमोरच तुम्हाला फोन लावला. फोनवर हात ठेवून मला विचारलं, काळुराम, काय झालं असेल, ते विचारतायत, त्याप्रमाणे सामान आणतील. आणि तेव्हा आत हौसा होती, विटा टांगून. तेव्हा तरी सांगायचं ना? मी म्हटलं, खड्डे.

म्हणून तुमच्या पिशवीत वायरी हायत.

डॉक्टर तर म्हणाले होते कालच, हौसाला मुंबईला न्यायचं तर ने, तुझा टेम्पो हाय बाहेर, पेंढा घाल, चिठ्ठी देतो. मीच म्हटलं, कशाला, साधी वायर असेल, उद्या माणूस येतोय. कारण मुंबईला न्यायची म्हंजे — म्हंजे मला ठाऊक हाय यंत्र नीट होणार नाय म्हणून, असं झालं असतं ना ते. आणि मलाही वाटलं हो, खरंच वाटलं, वायरच असेल. टप् एवढाच तर आवाज. एवढ्याशा आवाजानं काय होतं?

काय होतं साहेब? बोला ना. मघापासून मीच बोलतोय. ते कार्ड होईल ना पुसून? रॉकेलनं पुसू? माझ्याकडं हाय टेम्पोत. बरं, दुसरं लावा. पिशवीत बघा, खाली बघा, वायरींच्या खाली. — नाय आणलं. व्हय. तुम्ही कसं आणणार. कुठं मिळतं ते? मुंबईत कंपनीत. मग मी जातो की. आत्ता निघतो. — सोमवार? सोमवारी येणार म्हंजे बाहेरून येणार कुठूनतरी. आज बुधवार हाय.

आज बुधवार हाय, साहेब.

काय हसू येतं बघा मला, तुम्ही वाईट मानू नका. सकाळी तिला सांगितलं मी. हौसाला. सगळं. तुम्हाला आत्ता सांगितलं ना, असंच, अंगठीसकट. तिच्या उशाशी बसलो आणि म्हटलं, गो, तुला खरं सांगतो, यंत्र मी जाळलं. चाळीस वर्षांत पयल्यांदा तिला एक गोष्ट सरळ सांगितली. मला वाटलं आता शिव्या देते, रडते, कायतरी करते. आणि ती हसायला लागली, साहेब. मी आजवर तिला कितीदा तरी मेल्याचं सोंग करून दाखवलंय, भावाची खोटी तार दिलीय, लग्नात चोळीच्या खणात बेडूक बांधलाय — तिला वाटलं, तिचं दुखणं विसरावं म्हणून मी नवी रचली. कमळाकर गेला अंगठी राहिली, याला तर एवढी हसली की पायाच्या विटा हलल्या आणि ओरडली. ओरडून पुन्हा हसली. म्हणाली, अवो, तुमचं कायतरीच. मी म्हटलं, आईच्यान खरं. तर म्हणते, तुमच्या आईनं पण मला हेच सांगितलं होतं, याच्या शपथेवर जाऊ नको. — मग मी काय करायचं? सांगा तुम्ही. तुम्ही सांगाल काय तिला? तुमच्या खिशाला पेन हाय, तुमचं खरं वाटेल. डॉक्टरांना पण तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर ते पण —

झाकण का लावताय? अहो थांबा, झाकण लावू नका इतक्यात. चारपर्यंत वेळ हाय. आणखी एकदा बघा, उलटून बघा. माझा हात घालतो हवा तर, लावून बघा बटन — नाय तर नाय. बरं. तो स्क्रू राहिला बघा तुमचा, खाली. तोच, तोंडातला.

कोण? सिस्टर? डॉक्टर थांबत नायत, उघडूनच करणार? हां, बाजूला होतो. या, या, स्ट्रेचर सावकाश घ्या, उंबरा हाय, चाक आपटेल — पुढचं उचला आधी, गणपती उतरवतात तसं, पुढचं आधी. असं. — काय गो? हाय ना, इथंच हाय मी, कुठं जातो? हे? हे मुंबईचे साहेब, यंत्रवाले. झालं की, यंत्र झालं एकदम झकास. तू डोळे मीट. — काय? मोठ्यानं बोल. — कुठली? कोलाडची?

आत्ता?

बरं. सांगतो. ऐक. शनिवारी काय झालं, मी कोलाडला चहाला थांबलो. तर कमळाकर मला म्हणतो कसा — सिस्टर, एक मिनीट, ऐकतेय ती — कमळाकर म्हणतो, तुझ्या गोधडीत काय नाय, नुसता पेंढा हाय. मी म्हटलं, घाल हात. त्यानं घातला हात, गो, आणि —

ऑपरेशनचं दार लागलं.

साहेब, ती गोधडी द्या इकडं. नाय, यंत्राला नको. माझ्याकडं द्या. — जावा तुम्ही आता. साडेतीनची एस्टी हाय स्टँडवरून. जावा.